मरणाऱ्याला पुढची तारीख देऊ नका

६ नोव्हेंबर २०२०. मुंबईच्या विशेष न्यायालयात एक अर्ज दाखल झाला. अर्जदार ८३ वर्षांचे, तळोजा कारागृहातले कच्चे कैदी, पार्किन्सन्सचे रुग्ण. हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही. मागणी होती स्ट्रॉ आणि सिपरची. राष्ट्रीय तपास यंत्रणेनं उत्तर द्यायला २० दिवस मागितले आणि ते मिळाले. २६ नोव्हेंबरला उत्तर आलं, आम्ही असं काही जप्त केलेलंच नाही. मग नवा अर्ज. त्यावर कारागृहाचं म्हणणं मागवलं गेलं. पुढची तारीख ४ डिसेंबर.

हे अर्जदार म्हणजे एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी फादर स्टॅन स्वामी. त्यांचा तो सिपर देशभर गाजला. लोक चिडले, काहींनी सिपर विकत घेऊन पाठवायची मोहीम काढली, अखेर तुरुंगानं सिपर दिला. प्रकरण तिथं मिटलं असं सगळ्यांनी धरलं. माझं मन मात्र अजून त्या वीस दिवसांत अडकलेलं आहे. पाणी पिण्यासारख्या गोष्टीचा अर्ज झाला, अर्जावर म्हणणं मागवलं गेलं, म्हणणं मांडायला मुदत दिली गेली. हे सगळं नियमाला धरूनच झालं. कुणी कायदा मोडला नाही. म्हणून तर जास्त राग येतो.

२१ मे २०२१ ला ते व्हिडिओवरून मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. आठ महिन्यांपूर्वी तुरुंगात आलो तेव्हा स्वतःच्या हातानं अंघोळ करत होतो, जेवत होतो, थोडंफार लिहीत होतो, आता चमच्यानं भरवावं लागतं, असं त्यांनी न्यायमूर्तींना सांगितलं. जे. जे. रुग्णालयाचा पर्याय पुढे आला. त्यांनी नको म्हटलं. त्यापेक्षा इथंच मरेन, जमलं तर मला माझ्या माणसांत जाऊ द्या, एवढीच त्यांची विनवणी होती. मरणाच्या दारातला माणूस याहून स्पष्ट काय सांगणार? २८ मे रोजी न्यायालयाच्या आदेशानं त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवलं. तिथं करोना निघाला. ४ जुलैला पहाटे हृदय बंद पडलं, व्हेंटिलेटर लावला. ५ जुलैला दुपारी जामिनाचं प्रकरण पुकारलं गेलं तेव्हा डॉक्टरांनी न्यायालयाला सांगितलं, अर्जदार वारले.

त्यांच्यावरचा एकही आरोप सिद्ध झालेला नव्हता, खटला उभाही राहिला नव्हता. पण आज मी त्या मुद्द्यावर उभा राहणार नाही. सगळे आरोप सिद्ध झाले असते तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं. खुनी असो, दरोडेखोर असो, याहून वाईट काही केलेला असो. न्यायालय त्याला कैद सुनावतं. हाडात पसरलेल्या कर्करोगानं औषधाविना तळमळायची शिक्षा भारतीय न्याय संहितेच्या एकाही कलमात नाही. ती आपण पदरची घालतो. आणि ती घालताना न्यायाधीश लागत नाही, युक्तिवाद लागत नाही, नुसता उशीर पुरतो.

२०२२ या एका वर्षात देशातल्या तुरुंगांत १,९९५ कैदी मेले. त्यातले १,७७३ आजारपणानं किंवा म्हातारपणानं गेले, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा (एनसीआरबी) अहवाल सांगतो. दिवसाला जवळजवळ पाच. अहवालात आजारवार तक्ते आहेत, राज्यवार तक्ते आहेत. शेवटच्या आठवड्यात त्या माणसाला वेदनाशामक मिळालं का, घरच्यांना किती दिवस आधी कळवलं, जीव जाताना उशाशी कोण होतं, याचा तक्ता नाही. त्याच अहवालानुसार त्या वर्षाअखेर तुरुंगात असलेल्या ५,७३,२२० माणसांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. शंभरातले जवळजवळ शहात्तर. तेव्हा तुरुंगातल्या खाटेवर मरणारा माणूस गुन्हेगार ठरलेलाच असणार, असं धरून कुणी बोलू नये.

एका सरकारी रुग्णालयाच्या पुरुष वॉर्डात मी नातेवाइकाजवळ बसलो होतो. पलीकडच्या खाटेवर सत्तरीतला एक कैदी. पोटात पाणी झालेलं, पाय सुजलेले, बाकी अंगावर नुसती कातडी. उजव्या पायात बेडी, तिची साखळी खाटेच्या दांड्याला. दोन हवालदार पाळीपाळीनं बसायचे. त्यातले वयस्क होते ते बशीत चहा ओतायचे, फुंकर घालायचे आणि "आजोबा, घोटभर तरी घ्या" म्हणत बशी त्याच्या ओठाशी धरायचे. कूस बदलायची झाली की साखळी आड यायची. मग हेच हवालदार एका हातानं साखळी वर उचलायचे आणि दुसऱ्या हातानं म्हाताऱ्याला वळवायचे. मी विचारलं, "मामा, किल्ली तुमच्याकडेच आहे ना? मग काढून का ठेवत नाही?" ते म्हणाले, "साहेब, हे कुठं पळणार हे मला पण दिसतंय. पण काढली आणि कुणी फोटो काढला तर माझी नोकरी जाईल. लेखी आणून द्या, आत्ता काढतो."

लेखी १९९५ पासून आहे. गुवाहाटीच्या रुग्णालयात टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या सात बंद्यांना हातकड्या घालून वर लांब दोरखंडानं बांधून ठेवलेलं पत्रकार कुलदीप नय्यर यांनी पाहिलं आणि सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं ते पत्रच याचिका म्हणून चालवलं. दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बेडी-हातकडी घालायची नाही, असा देशभरासाठी निकाल दिला. त्याआधी १९८० मध्येही प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात न्यायालयानं हातकडीच्या सवयीला फटकारलं होतं. एवढ्या वर्षांत तो निकाल वॉर्डातल्या त्या स्टुलापर्यंत पोचला नाही. यात मी त्या हवालदारांना बोल लावणार नाही. माणूस म्हणून करता येण्यासारखं होतं ते सगळं ते करत होते. त्यांच्या खिशात एका ओळीचा आदेश असायला हवा होता आणि तो टाकणं त्यांच्या वरच्यांचं काम होतं.

आता मुद्द्याचं. मरणासन्न कैद्याच्या दोन गरजा असतात. एक, यातना कमी होणं. दुसरी, घरी जाता येणं. आपण दोन्ही एकाच जामीन अर्जात कोंबतो. मग सरकारी वकील जामिनाला विरोध करतात आणि त्या विरोधात औषधही अडकतं. तुरुंग म्हणतो प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, न्यायालय म्हणतं तुरुंगाचा वैद्यकीय अहवाल येऊ द्या, अहवाल म्हणतो प्रकृती स्थिर. यकृत निकामी झालेल्या माणसाची प्रकृतीही सकाळच्या फेरीच्या वेळी स्थिर दिसू शकते. नाडी आणि रक्तदाब ठीक आहे एवढाच त्याचा अर्थ. तो किती कण्हत होता हे विचारायचं असतं बराकीतल्या शेजाऱ्याला, आणि त्याचं म्हणणं अहवालात येत नाही.

यातनेचं आधी बोलू, कारण त्यासाठी जामिनाची गरजच नाही.

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर जगभर वापरलं जाणारं औषध म्हणजे तोंडानं घ्यायचं मॉर्फिन. महाग नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं ते इतक्या परवान्यांत अडकवलं की मोठमोठ्या रुग्णालयांनी ठेवणंच सोडून दिलं. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, २०१४ मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ही औषधं ठेवणं सोपं झालं. बाहेरच्या रुग्णालाही ते अजून सहजी मिळत नाही, मान्य. पण बाहेरचा रुग्ण निदान फोन करू शकतो, गावातून शहरात जाऊ शकतो, त्याचा मुलगा चार दुकानं पालथी घालू शकतो. आतल्याचं सगळं एका दवाखान्यावर आणि "गार्ड मिळाला तर" यावर. मोठ्या रुग्णालयातल्या तपासणीची तारीख असते त्या दिवशी कैद्यांची ने-आण करणाऱ्या कैदी पार्टीला पोलीस कमी पडले की तारीख हुकते. बंदोबस्त, मिरवणूक, सभा, काहीही निमित्त पुरतं. पुढची तारीख महिन्यानं मिळते. ज्याच्याकडे तीनच महिने आहेत त्याचा तिसरा हिस्सा तिथंच गेला.

तुरुंगाधिकारी दोन अडचणी सांगतात. दोन्ही खऱ्या आहेत, आणि दोन्हींवर उपाय आहेत. पहिली, मॉर्फिनची साधी गोळी चार-चार तासांनी द्यावी लागते आणि संध्याकाळी बंदी झाली की रात्री बराक उघडणं म्हणजे अधिकाऱ्याला बोलावणं आलं. पण यातना कमी करणारे, म्हणजे उपशामक उपचार करणारे डॉक्टर रात्री झोपताना दुप्पट मात्रा देतात, म्हणजे मधली मात्रा टळते आणि रुग्ण सकाळपर्यंत झोपतो. रात्री दहाला एकदा उघडलं की सकाळी सहापर्यंत भागतं. रोज एकदा कुलूप उघडणं आपल्याला झेपत नसेल तर मग तुरुंग चालवतो आहोत असं सांगू नये. दुसरी अडचण, गोळ्या बराकीत विकल्या जातील. तर समोर उभं राहून गिळायला लावा, किंवा पातळ औषध द्या. क्षयरोगाची गोळी आरोग्यसेवकाच्या डोळ्यांदेखत घ्यायला लावायची पद्धत या देशानं गावोगाव राबवली आहे.

उरतो माणसांचा प्रश्न. अंग पुसायचं, लंगोट बदलायचा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. हे कोण करणार? डॉक्टरच पुरेसे नाहीत तिथं नर्स कुठून आणणार?

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात अँगोला नावाचा तुरुंग आहे. अठरा हजार एकरांचा, एके काळी गुलामांकडून कसून घेतलेला मळा. तिथं बहुसंख्य कैदी इतक्या लांब शिक्षेचे की ते तिथंच मरतात. १९९८ मध्ये तिथं हॉस्पिस, म्हणजे मरणासन्नांचं शुश्रूषागृह सुरू झालं आणि सेवेकरी म्हणून कैदीच घेतले गेले. त्यांना प्रशिक्षण दिलं. ते मरणाऱ्याला अंघोळ घालतात, भरवतात, वाचून दाखवतात. शेवट जवळ आला की पाळ्या लावून चोवीस तास बसतात, कुणी एकट्यानं मरू नये म्हणून. पूर्वी मेलेल्या कैद्याला पुठ्ठ्याच्या पेटीत पुरायचे. नंतर तुरुंगातले सुतारकाम जाणणारे कैदीच लाकडी शवपेट्या करू लागले. अमेरिकेतले प्रसिद्ध धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांनी स्वतःसाठी तिथली पेटी मागवली होती आणि २०१८ मध्ये ते तिच्यातच पुरले गेले.

अँगोलाची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. त्याच तुरुंगातली वैद्यकीय सेवा घटनाबाह्य असल्याचा निकाल २०२१ मध्ये तिथल्या फेडरल जिल्हा न्यायालयानं दिला. ज्यांना वेळेवर तपासलं असतं तर वाचले असते, असेही तिथं हॉस्पिसच्या खाटेवर येऊन पडले असणार. शेवटी प्रेमानं हात धरला म्हणून आधीची हेळसांड धुऊन निघत नाही. पण एक गोष्ट तिथं सिद्ध झाली. खुनाच्या शिक्षेवर आलेला माणूस दुसऱ्या मरणाऱ्याची सेवा करू शकतो, आणि मन लावून करतो.

आपल्याकडेही हे सिद्धच आहे. स्टॅन स्वामींनी तळोज्यातून मित्रांना लिहिलेलं पत्र तेव्हा प्रसिद्ध झालं होतं. सहआरोपी अरुण फरेरा त्यांना नाश्त्याला आणि जेवायला मदत करायचे. व्हर्नन गोन्साल्विस अंघोळीला मदत करायचे. कोठडीतले आणखी दोन बंदी रात्रीचं जेवण बघायचे, कपडे धुवायचे, गुडघे चोळून द्यायचे. हे दोघे फार गरीब घरचे आहेत, त्यांची आठवण ठेवा, असं म्हाताऱ्यानं पत्रात कळवलं होतं. स्वतःला पेला धरता येत नाही आणि काळजी कुणाची, तर पाय चोळणाऱ्या पोरांची.

म्हणजे मनुष्यबळ तुरुंगात आहेच. आज ते हातमोजे नसताना, जखम कशी बांधायची माहीत नसताना, कुणी सांगितलेलं नसताना हे करत आहेत. कारागृहातल्या सुतारकामाला मजुरी मिळते, विणकामाला मिळते, शेतीला मिळते. चांगल्या कामाची माफी मिळते, शिक्षेचे दिवस कमी होतात. रुग्णसेवेला तोच मान द्या. प्रत्येक मध्यवर्ती कारागृहात दहा-बारा जणांना रीतसर शिकवा. शिकवायला माणसं परदेशातून आणायला नकोत. परळला टाटा रुग्णालयाचा उपशामक उपचारांचा विभाग आहे. होली फॅमिली आहे त्याच वांद्र्यात १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे, भारतातलं पहिलं हॉस्पिस. तुरुंगाच्या दारापर्यंत येऊन शिकवायची विनंती कुणी त्यांना रीतसर केली तर ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. आणि शिकलेला कैदी सुटून बाहेर आला की त्याच्या हातात घरोघरी मागणी असलेलं काम असेल. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी ब्युरोतून माणूस मिळवताना काय दमछाक होते, हे आज शहरातल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

घरच्यांचंही बोललं पाहिजे. मुलाखत म्हणजे काचेच्या नाहीतर जाळीच्या पलीकडून इंटरकॉमवर मोजकी मिनिटं. जो उठून मुलाखतीच्या खोलीपर्यंत येऊ शकत नाही त्याची मुलाखतच होत नाही. बायको गावाहून एसटीनं येते, नोंद करते, "आजारी आहे, येऊ शकत नाही" ऐकून परत जाते. मरणाऱ्याच्या खाटेशेजारी अर्धा तास बसू द्यायला कोणती सुरक्षा धोक्यात येते? उलट बाजूनंही तेच. प्रा. जी. एन. साईबाबा नव्वद टक्के अपंग, व्हीलचेअरवर, नागपूरच्या तुरुंगात. आई कर्करोगानं शेवटच्या घटका मोजत होती. तिला भेटायला सोडा, हा अर्ज उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं जुलै २०२० मध्ये फेटाळला. १ ऑगस्टला ती गेली. मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं तेव्हा आई जाऊन साडेतीन वर्षं होऊन गेली होती. ऑक्टोबरमध्ये तेही गेले. ती भेट आता कुठलं न्यायालय घडवून आणणार?

आता सुटका. इथं लोक लगेच पुण्याच्या ससून रुग्णालयाचं उदाहरण देतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ससूनच्या कैद्यांच्या वॉर्डातून अमली पदार्थांच्या गुन्ह्यातला एक आरोपी पळाला. आजारी म्हणून तो तिथं महिनोन्‌महिने राहिला होता. राग येणं बरोबर आहे. मलाही आला. पण त्या प्रकरणातून उचलायचा धडा असा की ज्याच्या हातात पैसा आहे त्याला खाट मिळते आणि ज्याच्याकडे नाही त्याला खाट मिळायची मारामार. आपण तो उलटा उचलला. पैसेवाल्याच्या लबाडीची शिक्षा पुढच्या खऱ्या आजाऱ्याला झाली, त्याच्याकडे संशयानं पाहिलं जाऊ लागलं. लबाडी रोखायची तर तुरुंगाच्या डॉक्टरवर आणि अधिकाऱ्यावर लक्ष ठेवा, बाहेरचं वैद्यकीय मंडळ नेमा, मुदत घाला. खऱ्या रुग्णाला वेळेत तपासणं हाच खोटा रुग्ण पकडण्याचाही उपाय आहे.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. सोडलं आणि तो मेलाच नाही तर?

असं झालेलं आहे. २१ डिसेंबर १९८८ ला स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर पॅन अॅमचं विमान बाँबस्फोटानं फुटून कोसळलं, २७० माणसं मेली. त्यासाठी दोषी ठरलेला एकमेव माणूस म्हणजे लिबियाचा अब्देलबासेत अल मेग्राही. २००८ मध्ये त्याला प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचं निदान झालं, २००९ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांच्या अंदाजानं तीन महिने उरले होते. स्कॉटलंडचे न्यायमंत्री केनी मॅकअॅस्किल यांनी २० ऑगस्टला त्याला करुणेच्या आधारावर सोडलं. त्रिपोलीच्या विमानतळावर त्याचं जल्लोषात स्वागत झालं. मेलेल्यांच्या घरच्यांना ते पाहून काय वाटलं असेल, याची कल्पनाही करवत नाही. ते स्वागत निर्लज्ज होतं. आणि मेग्राही तीन महिन्यांत गेला नाही, २०१२ च्या मेपर्यंत जगला. मॅकअॅस्किल यांना त्यावरून किती शिव्या बसल्या असतील!

तरीही मी म्हणेन, निर्णय बरोबर होता. अंदाज चुकला म्हणून दया चुकली असं होत नाही. २७० जणांच्या आप्तांना त्याच्या कैदेतल्या मरणानं काही परत मिळणार नव्हतं. त्यांना हवं होतं ते सत्य आणि तपास. दया दाखवली म्हणून तपास थांबवायचं कारण नव्हतं. आपल्याकडेही बळी गेलेल्याच्या घरी जाऊन कुणी विचारत नाही की तुमचा खटला कुठवर आला, सरकारी वकील भेटतात का, भरपाई मिळाली का. त्यांचं नाव नेमकं तेव्हाच निघतं, जेव्हा एखाद्या मरणाऱ्या कैद्याला घरी सोडायला नकार द्यायचा असतो. त्यांच्या दुःखाचा हा वापर मला सहन होत नाही.

अंदाजाच्या या अडचणीवर उपशामक उपचारांच्या क्षेत्रात एक साधा मार्ग आहे. "हा किती दिवस जगेल?" असं डॉक्टर विचारत नाहीत. "हा माणूस येत्या वर्षात गेला तर मला आश्चर्य वाटेल का?" असं ते स्वतःला विचारतात. उत्तर "नाही" असेल तर तयारी सुरू. वेदनेची, घरच्यांशी बोलण्याची, कागदपत्रांची. आपल्याकडे सुटकेचा कागद हलायला लागतो तो माणूस बेशुद्ध झाल्यावर. मग आदेश निघतो आणि रुग्णवाहिकेऐवजी शववाहिका बोलवावी लागते.

कायदा नाही अशी सबब चालणार नाही. आजारी किंवा दुर्बल आरोपीला जामीन देता येतो, हे फौजदारी प्रक्रियेत जुनं आहे आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. शिक्षा कमी करायचा अधिकार सरकारला आहे, राज्यपालांना घटनेच्या कलम १६१ नं आहे. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवात केंद्रानं विशेष माफीची योजना काढली तेव्हा दुर्धर आजाराच्या शेवटच्या टप्प्यातले कैदी हा वेगळा गट त्यात होता, गंभीर गुन्हे वगळून का होईना. १० डिसेंबर २०२४ ला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं वृद्ध आणि मरणासन्न कैद्यांसाठी देशभर मोहीम सुरू केली, आणि पुढच्याच वर्षी तेच प्राधिकरण अशा कैद्यांच्या सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारी संस्थेलाच न्यायालयात जावं लागतं, यावरून खाली किती काम अडलेलं आहे ते कळावं. यूएपीएसारख्या दहशतवादविरोधी कायद्यांत जामिनाची दारं जवळजवळ बंद आहेत, तिथं कायदाच बदलावा लागेल. मरणासन्न आरोपीपुरता अपवाद त्यात लिहून घालायला हवा, आणि तो लिहून घ्यायला महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा खासदारांपैकी एकानं तरी संसदेत उभं राहायला हवं.

आणि घरच नसलेल्यांचं काय? तीस वर्षं आत काढलेल्या माणसाला सोडलं तर तो जाणार कुठं? बायको गेलेली, भाऊ ओळख दाखवत नाही, गावात घराचा पत्ताही उरलेला नाही. अशाला दारावर सोडून देणं ही जबाबदारी झटकणं झालं. सुटकेच्या आदेशात कुठल्या रुग्णालयात, कुठल्या आश्रमात, कुणाच्या खर्चानं, हे लिहिलेलं हवं. किंवा त्याला आतच राहायचं असेल, तर मग आतली खाट नीट हवी, औषध हवं, ज्याच्याशी दहा वर्षं पत्ते खेळला तो मित्र शेजारी हवा. काहींसाठी बराक हेच घर झालेलं असतं. त्यांना विचारलं पाहिजे. अजून आपण त्यांना काहीच विचारत नाही.

प्रत्येक कारागृहाला अभ्यागत मंडळ असतं, जिल्हा न्यायाधीश भेट देतात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आत जातात. स्वयंपाकघर दाखवलं जातं, वाचनालय दाखवलं जातं. पुढच्या भेटीत त्यांनी आधी दवाखान्यात जावं. सगळ्यात आजारी माणूस कोणता, एवढं विचारावं आणि त्याच्या खाटेशी बसावं. दुखतंय का, काल रात्री झोप लागली का, घरी कुणाला कळवलंय का, असं त्यालाच विचारावं, अधीक्षकांना बाजूला उभं करून. मग अधीक्षकांना विचारावं की याच्या जामिनाचा किंवा माफीचा कागद आज कोणाच्या टेबलावर आहे, आणि भेट आटोपून परतण्याआधी त्या टेबलाला फोन लावावा.